खिशांतील संगणक मेजावर

माणिकपुरांत आज असें घर शोधून काढणें कठीण, कीं ज्यांत एक तरी स्मार्टफोन नाहीं. संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. आमच्या वर्गांतील पुष्कळ मुलांच्या घरीं तो नाहीं, आणि फी, वह्या, गणवेश व घरभाडें भागवितां भागवितां तो घेण्याइतकी सवड पालकांस सहसा होत नाहीं. इकडे शाळेचें काम मात्र प्रत्येकाच्या घरीं संगणक असल्याप्रमाणें वाढत चाललें आहे. प्रकल्प छापून आणा, तक्ता मांडून आणा, अर्ज भरून आणा, असें आम्ही शिक्षकच मुलांस सांगतों. आणि मग मूल आईच्या फोनावर दोन अंगठ्यांनीं चार पानांचा निबंध लिहीत बसतें. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हांपासून ही रीत घरोघर रुळली. त्या काळीं फोनानें शिक्षण तगविलें हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु फोनावर पाठ ऐकणें निराळें आणि त्यावर लांबलचक लेखन करणें निराळें. पहिल्या कामास तो पुरतो. दुसऱ्या कामांत मान, डोळे आणि धीर हीं तिन्ही थकतात.

फोन हा संगणकाहून दुबळा म्हणून असें होतें काय? तसें नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हां साऱ्या देशास त्याचें कौतुक वाटलें. कारण अमेरिकेनें तसलें यंत्र आपणांस देण्याचें नाकारलें होतें. आज मध्यम किंमतीच्या फोनाची गणनशक्ति त्या महासंगणकाहून अधिक आहे. तेव्हां बुद्धीचें उणें नाहीं. उणें आहे तें डोळ्यांपुढील जागेचें आणि बोटांखालच्या कळांचें.

हें जागेचें उणें किती, त्याचें गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. पडद्याचें माप सांगतात तें त्याच्या कर्णाचें असतें. साडेसहा इंची फोनाच्या बाजू २० : ९ या प्रमाणांत आहेत असें धरूं. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणें २० व ९ यांच्या वर्गांची बेरीज ४८१ आणि तिचें वर्गमूळ सुमारें २१.९३. या संख्येनें ६.५ ला भागलें म्हणजे ०.२९६ येतात. यावरून लांबी ५.९३ इंच, रुंदी २.६७ इंच व क्षेत्रफळ पावणेसोळा चौरस इंचांच्या आसपास निघतें. आतां १६ : ९ प्रमाणाच्या २४ इंची पडद्याचें क्षेत्रफळ याच रीतीनें काढलें, तर तें २४६ चौरस इंच भरतें, म्हणजे पंधरा पटींहूनही अधिक! शिवाय फोनावर लिहावयास बसलें, कीं कळफलक वर येऊन त्या पावणेसोळांतीलही मोठा हिस्सा गिळून टाकतो. मागच्या परिच्छेदांत आपण काय लिहिलें, हें मुलास आठवत नाहीं यांत नवल तें काय?

हा मोठा पडदा आणि या कळा फोनाला बाहेरून जोडतां येतात. जोडणाऱ्या साधनास हब किंवा डॉक असें म्हणतात. डॉक म्हणजे गोदी. मुंबईच्या गोदींत जहाज धक्क्याला लागलें म्हणजे तेथेंच माल उतरतो, नवा माल चढतो, पाणी व इंधन भरतें, आणि मग तें मोकळें होऊन पुन्हां समुद्रावर जातें. फोनाचेंही तसेंच आहे. हब ही आगपेटीहून कांहींशी मोठी डबी असते. तिचें शेपूट फोनाच्या चार्जिंगच्या पोर्टांत बसवावयाचें. डबीच्या बाकीच्या अंगांना टीव्हीची एचडीएमआय केबल, कळफलक, माउस आणि चार्जर लावावयाचे. मग फोन मेजावर पडून राहतो आणि काम टीव्हीवर दिसतें. वडील कामावर निघाले, कीं शेपूट ओढून काढलें आणि फोन त्यांच्या खिशांत गेला.

हें सारें एवढ्याशा छिद्रांतून कसें घडतें, तें पाहण्यासारखें आहे. टाइप-सी या पोर्टचें प्रमाण ऑगस्ट २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच्या पोटांत बारा-बारांच्या दोन रांगांत एकूण २४ पिना असतात. त्यांची मांडणी अशी आहे कीं, केबल सुलटी घाला वा उलटी, ती बसतेच. या २४ पैकीं चार पिना वीज आणतात व चार तिला परतीची वाट देतात. चार पिना जुन्या यूएसबी २.० च्या मंदगति दळणवळणासाठीं आहेत. कळफलक आणि माउस यांचें काम तेवढ्यावर भागतें. आठ पिना शीघ्रगति दळणवळणाच्या. राहिलेल्या चारांपैकीं दोन साहाय्यक असून, उरलेल्या दोघींकडे बोलणी करण्याचें काम असतें. फोन व हब एकमेकांस जोडले गेल्याबरोबर या पिनांच्या द्वारें त्यांची विचारपूस सुरू होते. वीज कोण देणार, कोण घेणार? किती देणार? चित्र पाठवितां येतें काय? या विचारपुशींत दोघांचें जमलें, म्हणजे शीघ्रगति पिना आपलें नेहमींचें काम बाजूस ठेवून पडद्यासाठीं चित्र वाहूं लागतात. या व्यवस्थेस डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड असें नांव आहे. हबांतील एक चिप त्या चित्राचें एचडीएमआयमध्यें रूपांतर करते, आणि टीव्ही उजळतो.

ग्यानबाची मेख येथेंच आहे. पोर्टाचा आकार टाइप-सी असला, म्हणजे फोन बनविणाऱ्यानें शीघ्रगति पिना जोडल्याच पाहिजेत, किंवा चित्राची सोय केलीच पाहिजे, असें बंधन नाहीं. स्वस्त फोनांत ती सोय बहुधा नसते. पालक हौसेनें हब आणतात. जोडल्यावर कळफलकाचा दिवा लागतो, फोन चार्ज होतो, आणि टीव्ही मात्र काळाच राहतो. दुकानदार म्हणतो फोन बिघडला आहे, घरचे म्हणतात टीव्ही बिघडला आहे. वस्तुतः बिघडलें कांहींच नसतें. वीज व कळा यांच्या पिना आपापलें काम करीत असतात. चित्राची वाटच मुळीं बांधलेली नसते. युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचें केलें, आणि आयफोननेंही सप्टेंबर २०२३ मध्यें आपल्या १५ व्या मालिकेपासून तें स्वीकारलें. यामुळें सर्वांचें तोंड एक झालें खरें. पोट एक झालेलें नाहीं.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं चौकशी करावी. फोनाचें नांव व क्रमांक घेऊन त्याच्या कंपनीच्या माहितीपत्रकांत ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउटपुट’ हे शब्द आहेत काय, तें पाहावें. नुसतें ‘यूएसबी २.०’ असें लिहिलें असेल, तर बहुधा चित्राची आशा करूं नये. आयफोन १५ सारखा एखादा अपवाद सोडून देऊं. सर्वांत बरें म्हणजे आपला फोन दुकानांत न्यावा आणि तेथील टीव्हीला जोडून चित्र डोळ्यांनीं पाहूनच हब विकत घ्यावा. वसई रोड स्टेशनाबाहेरील दुकानदार गिऱ्हाइकाला एवढें करूं देण्यास ना म्हणणार नाहीं, आणि म्हणालाच तर पुढचें दुकान फार दूर नाहीं. केबलीचेंही असेंच आहे. फोनाबरोबर आलेली चार्जिंगची केबल पुष्कळदां वीज व मंदगति दळणवळण एवढ्यापुरतीच असते; तिच्यांतून चित्र जात नाहीं. ज्या हबाचें शेपूट त्यालाच कायमचें जोडलेलें असतें, तो या दृष्टीनें निर्धोक. हबाला चार्जर लावण्याचें वेगळें छिद्र आहे ना, हेंही पाहून घ्यावें. तें नसेल तर कळफलक, माउस व हब हे सर्व फोनाच्याच बॅटरीवर जगतात आणि निबंध अर्धा होतो न होतो तों फोन मान टाकतो.

फोनाचा संगणक करण्याची कल्पना आजची नाहीं. मोटोरोला कंपनीनें २०११ सालीं ॲट्रिक्स नांवाचा फोन काढला. त्याच्याबरोबर पडदा व कळफलक असलेलें, पण स्वतःची बुद्धि नसलेलें, लॅपटॉपसारखें एक कवच मिळत असे. त्याच्या पाठीशीं फोन बसविला म्हणजे तें जागें होई. कवच महाग आणि चालणें मंद, त्यामुळें पुढच्याच वर्षीं कंपनीनें तो नाद सोडला. २०१३ मध्यें उबुंटू एज नांवाच्या फोनासाठीं लोकांकडून ३ कोटि २० लक्ष डॉलर आगाऊ जमविण्याचा प्रयत्न झाला. सुमारें १ कोटि २८ लक्षांचीं वचनें मिळालीं आणि फोन जन्मासच आला नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें लुमिया ९५० या फोनाबरोबर डबीच्या आकाराचा डॉक दिला; परंतु त्या फोनांवर चालणारीं ॲपेंच थोडीं, त्यामुळें तो मार्गही खुंटला. २०१७ मध्यें सॅमसंगनें गॅलेक्सी एस ८ बरोबर डेक्स ही सोय आणली, आणि ती मात्र टिकली. आमच्या मतें याचें कारण साधें आहे: तोंवर फोनांची शक्ति पुरेशी झाली होती, आणि लोकांस लागणारीं ॲपें त्यांवर अगोदरच होतीं. आरंभीं डेक्ससाठीं खास बैठक विकत घ्यावी लागे; २०१८ च्या नोट ९ पासून साधी एचडीएमआय जोडणीही चालूं लागली. मे २०२५ मध्यें गूगलनें सॅमसंगच्या साह्यानें अशीच सोय खुद्द अँड्रॉइडमध्यें आणण्याचें जाहीर केलें आहे.

पडद्यावर नुसतें चित्र दिसणें आणि संगणकासारखें काम होणें यांतही अंतर आहे, तें ध्यानांत घ्यावें. कांहीं फोन टीव्हीवर केवळ आपली प्रतिमा दाखवितात: फोन उभा तर टीव्हीवरही उभी, अरुंद पट्टी. आयफोन १५ आणि त्यानंतरचे फोन साधारणतः या प्रकारचे. डेक्ससारख्या सोयींत मात्र खालीं पट्टी, वर निरनिराळ्या चौकटी, एका चौकटींत पाठ्यपुस्तक आणि शेजारच्या चौकटींत आपला निबंध, असें खरें मेज मांडलें जातें. बालभारतीचीं पुस्तकें पीडीएफ स्वरूपांत मिळतात. तीं एका बाजूस उघडून दुसऱ्या बाजूस उत्तरें लिहितां येणें, हाच आमच्या मतें या खटाटोपाचा खरा लाभ होय. सॅमसंगच्या एस व नोट मालिकांत ही सोय असते. ए व एम मालिकांतील बहुतेक फोनांत ती नाहीं. मोटोरोलाच्याही कांहीं फोनांत २०२१ पासून तशी सोय आहे.

ज्यांच्या फोनांत चित्राची वाट नाहीं त्यांनीं अगदींच निराश होण्याचें कारण नाहीं. टीव्ही स्मार्ट असेल तर फोनाचें चित्र तारेवांचून त्यावर पाठवितां येतें. अक्षरें किंचित् उशिरां उमटतात, पण निबंधाला तेवढें चालतें. आणि कांहींच न जमलें तरी कळफलक जोडणें बहुतेक प्रत्येक अँड्रॉइड फोनास साधतें. ओटीजी म्हणून जो लहानसा जोड मिळतो, तो लावून साधा तारेचा कळफलक फोनावर चालतो. ब्लूटूथचा कळफलक असेल तर जोडाचीही गरज नाहीं. फोन पुस्तकाला टेकवून उभा करावा आणि दहा बोटांनीं लिहावें. पडदा लहानच राहिला, तरी कळफलकानें व्यापलेली जागा मोकळी होते, आणि अंगठ्यांची सुटका होते. शंभर रुपयांतला पन्नासांचा लाभ त्यांतच आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां मराठी लेखनाविषयीं. पुष्कळ मुलें रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहून फोनाकडून त्याचें देवनागरी करून घेतात. तें सोयीचें खरें, पण त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय यंत्र करतें आणि मुलाचें शुद्धलेखन पंगु राहतें. हातांखालीं खरा कळफलक आला, कीं इन्स्क्रिप्ट ही मांडणी शिकून घ्यावी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें ती १९८६ मध्यें प्रमाण म्हणून ठरविली. तिची रचना आपल्या वर्णमालेवर बेतलेली आहे: डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनें. इंग्रजी ‘के’ च्या कळेवर क. तीच शिफ्ट धरून दाबली तर ख. ‘आय’ च्या कळेवर ग, आणि शिफ्टसह घ. ‘एच’ वर प, शिफ्टसह फ. अल्पप्राणाच्या डोक्यावर त्याचाच महाप्राण, हें एकदां उमगलें म्हणजे अर्धी मांडणी पाठ झाली. ऱ्हस्व वेलांटी ‘एफ’ वर आहे आणि दीर्घ तिच्याच वर ‘आर’ वर, ऱ्हस्व उकार ‘जी’ वर आणि दीर्घ त्याच्या वर ‘टी’ वर. तेव्हां ‘माणिकपूर’ लिहितांना णि ऱ्हस्व आणि पू दीर्घ, हा निर्णय बोटालाच करावा लागतो. वेलांटी व्यंजनाच्या अगोदर दिसत असली तरी ती दाबावयाची मात्र उच्चाराच्या क्रमानें, व्यंजनानंतर. रोज वीस मिनिटें दिलीं तर एका सत्रांत हात बसतो. फोनाच्या सेटिंगांत बाहेरच्या कळफलकासाठीं मराठी मांडणी आहे काय तें मात्र आधीं पाहावें. ती सर्वच फोनांत नसते.

पालकांस एक अडचण आम्हीं सांगण्यापूर्वींच सुचली असेल. घरांत चांगला फोन एकच, आणि तो सकाळच्या लोकलनें चर्चगेटला जातो. मग मुलाचा संगणक रात्रीं आठपर्यंत दादर-अंधेरींत फिरत असतो! यावर एक तोड आहे. थोड्या वर्षांपूर्वींच्या वरच्या दर्जाच्या फोनाची कांच फुटली, कीं लोक तो कपाटांत टाकून देतात. कारण कांच बदलण्याचा खर्च नव्या फोनाच्या तोडीस येतो. परंतु त्या फोनांत डेक्ससारखी सोय असेल, तर त्याला फुटक्या कांचेची गरजच उरत नाहीं. पडदा टीव्हीचा, कळा बाहेरच्या. नातलगांकडे असा एखादा फोन पडून आहे काय, याची विचारणा करावी. तसल्या जुन्या फोनास सुरक्षिततेच्या सुधारणा मिळणें बंद झालेलें असतें, म्हणून त्यावर बँकेचा व्यवहार ठेवूं नये. लेखन, वाचन व आकडेमोड एवढेंच करावें.

नेहमींचाच फोन लावला असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. आलेला प्रत्येक निरोप टीव्हीवर हातभर अक्षरांनीं झळकतो. शेजारचीं मुलें अभ्यासास बसलेलीं असतांना बँकेचा ओटीपी किंवा काकूंचा खासगी निरोप सर्वांनीं वाचावा, हें बरें नव्हे. काम आरंभण्यापूर्वीं ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावें.

खर्चाचा विचार सरळ करावा. घरांत टीव्ही आहे आणि फोन चित्र देणारा आहे, तर हब, कळफलक व माउस एवढाच नवा खर्च. तो अवश्य करावा. परंतु पडदा, हब, कळफलक आणि वर डेक्स असलेला नवा फोन असें सर्वच विकत घ्यावयाचें असेल, तर त्या पैशांत संगणकच येतो, आणि तोच घेणें शहाणपणाचें. टीव्हीसंबंधींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ ३२ इंची टीव्हींवर आडवे १३६६ व उभे ७६८ एवढेच बिंदु असतात, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. फोनाच्या लहान पडद्यावर अनेकदां २४०० गुणिले १०८०, म्हणजे सुमारें २६ लाख असतात. म्हणून अशा टीव्हीवर बारीक अक्षर धूसर दिसतें. अक्षर मोठें करावें आणि टीव्हीपासून चारपांच फूट तरी दूर बसावें.

फोन सर्व कामांत संगणकाची बरोबरी करील, असेंही कोणी समजूं नये. ज्याला हिशेबनीस होण्यासाठीं टॅली शिकावयाचें आहे, त्याला विंडोजचा संगणकच लागेल; एमएस-सीआयटीचा सरावही संगणकावरच बरा. विजेचेंही बंधन आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसई-विरार पाण्याखालीं गेलें आणि वीज व गाड्या बंद पडल्या, तें मोठ्या मुलांच्या स्मरणांत असेल. अशा वेळीं फोन बॅटरीवर चालेल, पण टीव्ही चालणार नाहीं. तरी यांत एक सुख आहे. ऐन लेखनांत वीज गेली तर मेजावरचा साधा संगणक तत्क्षणीं बंद पडतो आणि न जतन केलेला मजकूर जातो. फोन मात्र जागाच असतो, आणि लिहिलेलें त्याच्या लहान पडद्यावर पुन्हां उघडतें.

काम चाललें असतां फोन तापतो. त्याला चित्र काढावयाचें, वीज घ्यावयाची आणि ॲप चालवावयाचें, असें तिहेरी ओझें असतें. म्हणून त्याचें जाड आवरण काढून ठेवावें, आणि त्यावर वही, उशी किंवा टॉवेल येऊं देऊं नये. पंख्याचा वारा लागेल अशा जागीं तो पालथा ठेवला तर उत्तम. तास दीड तास झाला, कीं लेख जतन करावा, हबाचें शेपूट हलकेच सरळ ओढून काढावें, तिरपें कधींही नाहीं, कारण पोर्ट ढिला झाला म्हणजे चार्जिंगही गेलें. आणि फोन ज्याचा असेल त्याच्या हवालीं करावा.